कंट्रोलर काका आणि ब्राझील

तुमच्या इमारतीत दहावीचं पोर असेल, तर हे गृहस्थ तुमच्याही ओळखीचे आहेत. जूनचा पहिला पंधरवडा. पुस्तकांना अजून कव्हरं घालायची आहेत, पोरगं सुट्टीतून नीट जागं झालेलं नाही, आणि दारावरची बेल वाजते. एका हातात स्टीलची फूटपट्टी, दुसऱ्या हातात गुंडाळलेला ड्रॉइंग पेपर, शर्टाच्या खिशात चार रंगांची पेनं. चहा नको म्हणतात आणि दोन कप घेतात. मग मुलाकडे रोखून बघत विचारतात, "किती दिवस राहिले?"

मुलाला माहीत नसतं. आईबापांना माहीत नसतं. यांना माहीत असतं, आणि आपल्याला माहीत नाही याचा त्यांना झालेला आनंद लपत नाही.

आमच्याकडचे हे गृहस्थ म्हणजे कंट्रोलर काका. एसटीत वाहक म्हणून लागले, वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. सातारा जिल्ह्यातल्या स्टँडांवर केबिनमध्ये बसून माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांची उमेद गेली. त्यामुळे दोन माणसांशी बोलतानाही त्यांचा आवाज दोनशे माणसांचा असतो आणि महत्त्वाचं वाक्य ते दोनदा म्हणतात. "बीजगणित सात वाजता. बीजगणित सात वाजता."

त्यांचं वेळापत्रक उलटं चालतं. "गाडी सुटणार कधी, हे बघायचं नसतं साहेब. पोचली कधी पाहिजे ते बघायचं आणि तिथनं मागं मागं यायचं." मार्चमधला पहिला पेपर हा शेवटचा थांबा. त्याच्या मागं फेब्रुवारीत विज्ञानाची प्रात्यक्षिकं आणि भाषांच्या तोंडी परीक्षा. त्याच्या मागं पूर्वपरीक्षा. डिसेंबरात स्नेहसंमेलन, त्यावर लाल पेनानं 'थांबा रद्द'. दिवाळीच्या आत सगळ्या विषयांचं एक वाचन. गणपती कोणाच्या घरी पाच दिवसांचा असो की गौरींबरोबर जाणारा, काकांच्या कागदावर तो दीडच दिवसाचा. असं मागं मागं येत ते जूनच्या ज्या तारखेला पोचतात, ती नेमकी उलटून गेलेली असते. "म्हणजे आपण आठ दिवस लेट सुटलोय," असं ते मोठ्या समाधानानं जाहीर करतात. "हरकत नाही. वाटेत भरून काढू."

2019 च्या जूनमध्ये ही गाडी आमच्या दारात लागली. चिरंजीव दहावीत गेले होते. काकांनी आधी क्लासचं वेळापत्रक मागून घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उलटा केला. मग हरवलेल्या लेकराची चौकशी करावी तशा आवाजात म्हणाले, "यात भूगोल कुठंय?"

आता, भूगोल कुठेच नसतो, हे दहावीचं पोर ज्या घरात आहे त्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. क्लास गणिताचे असतात, विज्ञानाचे असतात, इंग्रजीचे असतात. बोर्डाचा हिशेब असा की सहा विषयांची परीक्षा सहाशे गुणांची, पण टक्केवारी काढायची चांगल्या पाच विषयांची. त्याला 'बेस्ट ऑफ फाइव्ह' म्हणतात. या सोयीचा अर्थ हुशार घरांनी असा लावला की जूनमध्येच एक विषय बुडवायला काढून ठेवायचा, आणि तो बहुधा सामाजिक शास्त्रांचा. त्यातही इतिहासाला निदान आपल्याकडं भावनेचा आधार आहे. थोरल्या शाहू महाराजांच्या राजधानीच्या या जिल्ह्यात इतिहासाला उघडपणे कोणी टाकून बोलत नाही. राहिला भूगोल. चाळीस गुणांचा पेपर, दोन तासांचा, वेळापत्रकात सगळ्यात शेवटी. "भूगोल काय, आदल्या रात्री होतो," हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून ऐकलं आहे, क्लासवाल्यांच्या तोंडून ऐकलं आहे आणि आमच्या घरात ते माझ्याच तोंडून निघालं.

काकांनी फूटपट्टी टेबलावर ठेवली. "आदल्या रात्री? साहेब, आदल्या रात्री मुक्कामी गाडीसुद्धा धड लागत नाही." आणि हिरव्या पेनानं त्यांनी रोज पहाटे पाच ते सहा या रकान्यात, जूनपासून मार्चपर्यंत, सरळ उभं 'भूगोल' लिहून टाकलं. गणिताला उरलेली जागा मिळाली.

हे इथंवर असतं तर मी हा लेख लिहिला नसता. सकाळी भूगोल वाचणारी माणसं जगात असतात. पण या प्रकरणात बालभारतीचाही हात आहे. काका निवृत्त झाले आणि पाठोपाठ 2018 साली दहावीचं नवं पुस्तक आलं. या पुस्तकात भूगोल म्हणजे भारत आणि ब्राझील. दोघांचं स्थान शेजारी शेजारी, नद्या शेजारी, हवामान, वनस्पती, लोकसंख्या, वस्त्या, शेती, पर्यटन, सगळं जोडीनं. बोर्डाच्या मनात काय तुलना होती ती असो. इकडं साताऱ्यात एका निवृत्त माणसाच्या हाती एक अख्खा देश सापडला, आणि तोही असा की ज्याच्याबद्दल घरात, कट्ट्यावर, पेन्शनरांच्या बाकावर, कोणालाही त्यांच्याशी वाद घालता येणार नव्हता.

पहाटे पाचला आमच्या दारावर टकटक व्हायची. चिरंजीव डोळे चोळत दार उघडायचे. बाहेर माकडटोपी घातलेले काका. "ब्राझिलियात आत्ता काल रात्रीचे साडेआठ वाजलेत. काल रात्रीचे साडेआठ. तू साडेआठ तास पुढं आहेस गड्या, झोपून घालवू नकोस." पहिल्या दिवशी आम्हाला हे मजेचं वाटलं. दुसऱ्या दिवशी सौ. म्हणाली की ब्राझीलच्या लोकांची आता जेवणं व्हायची वेळ असेल, तर त्यांना जेवू द्या आणि आम्हाला झोपू द्या. काका म्हणाले, "वहिनी, तिकडं रेखावृत्तं पश्चिमेची. त्याला आपण काय करणार?"

त्या वर्षी ऑगस्टात महापूर आला. कराडला पाणी, सांगली-कोल्हापूर पाण्यात, महामार्ग बंद, कोयनेतून लाखाच्या वर क्युसेक पाणी सोडलेलं. सगळी सोसायटी टीव्हीसमोर गंभीर होऊन बसलेली. काकाही गंभीर होते. त्यांचे निम्मे मित्र त्या पट्ट्यातले, दिवसभर त्यांचा फोन चालू होता. पण बातमीदारानं विसर्गाचा आकडा सांगितला आणि त्यांना राहवलं नाही. खिशातून पेन निघालं, वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात गुणाकार झाला. "ॲमेझॉन समुद्राला मिळते तिथं सेकंदाला दोन लाख नऊ हजार घनमीटर. म्हणजे क्युसेकमध्ये झाले चौऱ्याहत्तर लाखांच्या आसपास." थोडं थांबून, हळू आवाजात: "चौऱ्याहत्तर लाख." मग चप्पल घालून ते पूरग्रस्तांसाठी धान्य गोळा करायला गेले.

सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून दोन सभासद हातघाईवर आले, तेव्हा काका उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, वडीलधारे आहेत, समजूत घालतील. ते म्हणाले, "ब्राझीलमध्ये चौरस किलोमीटरला तेवीस माणसं. आपल्याकडं तीनशे ब्याऐंशी. पार्किंग मिळायचं कुठनं?" आणि खाली बसले. भांडण मिटलं, कारण दोन्ही सभासद आता एकमेकांऐवजी काकांकडं बघत होते. मे महिन्यात एकांच्या तेराव्याला मांडवात घामाच्या धारा लागलेल्या, पंख्याची हवा पोचत नव्हती. काका दिवंगतांच्या थोरल्या चिरंजीवांच्या कानाशी झुकले. मला वाटलं, दोन शब्द सांत्वनाचे. "तिकडं आत्ता हिवाळ्याच्या तोंडाशी आलेत." चिरंजीवांनी मान डोलावली. बहुधा त्यांनी ते आध्यात्मिक अर्थानं घेतलं.

एक मात्र कबूल केलं पाहिजे, माणूस शिकवायचा झकास. ब्राझीलच्या ईशान्य भागात कमी पावसाचा प्रदेश आहे, पुस्तकात त्याला अवर्षण चतुष्कोन म्हटलं आहे. हा शब्द पाठ करताना पोरांच्या जिभा अडखळतात. काकांनी चिरंजीवांना तो पाठ करू दिला नाही. "महाबळेश्वरला पाऊस किती? धो धो. तिथनं पूर्वेला ये. वाई, फलटण, दहिवडी, म्हसवड. काय दिसलं? आभाळ कोरडं. का? ढगानं सगळी शिदोरी डोंगरावरच सोडली. तिकडं पण तेच. डोंगर आडवा, वारं पलीकडं मोकळं होतंय, अलीकडं माण-खटाव. बास. ब्राझीलचं माण-खटाव." उत्तरपत्रिकेत 'ब्राझीलचं माण-खटाव' असं लिहू नकोस, एवढं मला शेवटी सांगावं लागलं. चिरंजीवांनी सहामाहीत लिहिलंच. बाईंनी गुण दिले आणि समासात हसण्याची खूण काढली.

पण वाहतुकीचा धडा आला आणि काका हाताबाहेर गेले. ब्राझीलमध्ये ट्रान्स-ॲमेझोनियन नावाचा सुमारे चार हजार किलोमीटरचा महामार्ग आहे, एवढं एक वाक्य त्यांना पुरलं. "चार हजार! एका ड्युटीला तीनशे धर. चौदा ड्युट्या. तेरा मुक्काम. रस्ता बराचसा कच्चा, म्हणजे तीनशेही होत नाहीत. चालकाच्या विश्रांतीचं काय? जंगलात विश्रांतीगृह कुठनं आणणार?" तो आठवडाभर ते अस्वस्थ होते. भूमितीचे दोन तास त्यात गेले. शेवटी ड्रॉइंग पेपरच्या मागच्या बाजूला त्यांनी ब्राझीलच्या त्या महामार्गाचं पूर्ण वेळापत्रक बांधलं, चालक-वाहकांच्या साप्ताहिक सुट्ट्यांसकट. पुढच्या बाजूला आमच्या मुलाची दहावी होती.

खरं सांगायचं तर या कागदानं फायदा झाला तो आमचा, मुलाचा नव्हे. तो हॉलच्या भिंतीवर चिकटवल्यापासून आम्हा नवराबायकोला शांत झोप लागायला लागली. पाहुणे यायचे, बघायचे, 'वा, काय नियोजन आहे' म्हणायचे. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दहावीचा अभ्यास हा असा भिंतीवर होतो. पुस्तकात व्हायचा तो निराळा. चिरंजीवही काही कमी नव्हते. चौकोन रंगवला की अभ्यास झाला असं काका धरतात, हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. ते पाचला उठून आधी चौकोन रंगवायचे आणि मग खुर्चीत झोपायचे. काका साडेपाचला डोकावून रंग बघून परत जायचे. रंगाच्या पेनाचा खप पाहता आमच्या घरून बोर्डात पहिला यायला हवा होता.

राखीव दिवसांची तऱ्हा तशीच. दर दहाव्या दिवशी एक राखीव दिवस, मागं पडलेलं भरून काढायला. पुरानं काही राखीव दिवस नेले, गणपतीनं काही. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक आली, साताऱ्याला लोकसभेची पोटनिवडणूकही त्याच दिवशी. 18 तारखेला शरद पवारांची सभा होती. चिरंजीव अभ्यास टाकून मित्रांबरोबर सभेला गेले, याचा मला राग आला. रात्री ओलेचिंब घरी आले आणि म्हणाले, "बाबा, काकापण होते. पुढच्या रांगेत. छत्री नव्हती." दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या कागदात राखीव रकान्यात हिरव्या पेनानं नोंद होती: 'पर्जन्य.'

दिवाळीनंतर कधीतरी पोरानं त्यांना एक प्रश्न विचारला. "काका, आपल्याला ब्राझील आहे. मग ब्राझीलच्या पोरांना भारत असतो का?"

काकांना उत्तर आलं नाही. त्यांनी पुस्तक चाळलं, प्रस्तावना वाचली, मलपृष्ठ बघितलं. "असणारच," म्हणाले. "नसेल तर अन्याय आहे. आपण एवढं करतोय त्यांचं." मग बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि त्या दिवशी शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं नाही.

या भूगोलवेडामागं एखादी जुनी जखम असावी असा माझा तर्क होता. माणसं अशी उगाच होत नाहीत, असं आपण वाचत आलोय. काकांची दहावी 1975 ची, राज्यातली पहिलीच दहावी. त्याआधी जुन्या अकरावीला मॅट्रिक म्हणायचे. नवा अभ्यासक्रम, खेड्यातली शाळा, भूगोलात नापास झाले असतील, वर्ष गेलं असेल, स्वप्न मोडलं असेल. एकदा काकूंना आडून आडून विचारलं. काकू तांदूळ निवडत होत्या. "कसलं काय. बासष्ट होते भूगोलात. त्या काळी बरेच म्हणायचे. आवडतो त्यांना, म्हणून." मग तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "आवडायला काय जातंय? तीस-पस्तीस वर्षं लोकांना गाडीत बसवून दिलं. स्वतः कुठवर गेले विचारा."

मी विचारलं नाही. चिरंजीवांनी विचारलं. काका म्हणाले, "बोरिवली. वाहक होतो तेव्हा. मुक्कामी जायचो." आणि लगेच, "मुंबईची किनारपट्टी आणि रिओची, दोन्हीकडं सागरी किनारा, दोन्हीकडं दाट वस्ती. तिकडं झोपडपट्टीला फवेला म्हणतात. लिही."

मार्च 2020 मध्ये परीक्षा सुरू झाली. भाषा झाल्या, गणित झालं, विज्ञान झालं, इतिहास झाला. राहिला भूगोल, 23 तारखेला, सोमवारी. काकांनी कधी नव्हे ते चिरंजीवांना सुट्टी दिली होती. "तयार आहेस. आता वाचू नकोस. डबा झाकून ठेव." आणि कोरोनामुळं तो एकच पेपर पुढं गेला. मग टाळेबंदी. मग एप्रिलमध्ये भूगोलाचा पेपर रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीनं भूगोलाचे गुण मिळणार होते. ज्यानं दहा महिने पहाटे पाचला उठून ब्राझील पालथा घातला त्याला सरासरी, आणि ज्यानं पुस्तकाची घडीही मोडली नाही त्यालाही सरासरी. आदल्या रात्रीवाले जिंकले.

सोसायटीत हशा पिकला, हे मी लपवत नाही. मीही हसलो. 'काका, फेरी रद्द' असा एकानं गॅलरीतून आवाज दिला. काका गॅलरीत उभे होते. एसटी थांबली होती. ज्या माणसानं पुरातही गाड्यांची चौकशी सोडली नाही, त्याला आता कोणत्याही स्टँडवर फोन करून विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते उत्तर न देता आत गेले. दोन दिवस त्यांच्या घरातून काहीच ऐकू आलं नाही. सौ.नं काकूंना फोन केला, तर काकू म्हणाल्या, "लिहीत बसलेत."

तिसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या फटीतून चार कागद आत आले. हातानं लिहिलेली प्रश्नपत्रिका. 'भूगोल. वेळ दोन तास. गुण 40.' योग्य पर्याय निवडा, भौगोलिक कारणे लिहा, आलेख काढा, आणि ब्राझीलच्या आराखड्यात दिलेली ठिकाणं भरून सूची तयार करा. आराखडा काकांनी स्वतः काढला होता, किनारा थोडा कोकणासारखा झाला होता. खाली लाल अक्षरात: 'पेपर अकरा वाजता सुरू होईल.'

मला वाटलं, पोरगं कागद बाजूला टाकेल. परीक्षा संपलेली, जग बंद पडलेलं, मोबाइल हातात. अकराला दहा मिनिटं कमी असताना त्यानं आंघोळ केली, शाळेचा शर्ट घातला आणि जेवणाच्या टेबलाशी बसला. त्या दिवशी कोणी चौकोन रंगवला नाही. एक वाजता उत्तरपत्रिका दाराबाहेर ठेवली. काकांनी ती म्हणे चोवीस तास उन्हात वाळत टाकली, विषाणू जावा म्हणून, आणि मग तपासली. चाळीसपैकी एकतीस. नकाशाला सूची नाही म्हणून एक गुण कापलेला. अवर्षण चतुष्कोनाच्या उत्तराखाली मात्र काही न लिहिता नुसती लाल रेघ, दोनदा ओढलेली. बोर्डाच्या सरासरीनं चिरंजीवांना यापेक्षा बरे गुण मिळाले. गुणपत्रिका प्लास्टिकच्या फाइलमध्ये कुठंतरी आहे. हे चार कागद चिरंजीव इंजिनिअरिंगला पुण्याला जाताना घेऊन गेले. का, ते मी विचारलं नाही. बापलेकांत असे प्रश्न विचारायची आमच्याकडं पद्धत नाही.

जूनमध्ये काका फूटपट्टी घेऊन तळमजल्यावरच्या मुलीकडं गेले. तिची दहावी 2021 ची. या खेपेला कागदावर 'फेरी रद्द' असा वेगळा रकाना होता आणि भूगोल मधोमध, कोणी सहजी काढून टाकू नये अशा जागी. ती मुलगी ऑनलाइन तासाला कॅमेरा बंद करून ब्राझीलचे नकाशे भरायची, एवढं मला ठाऊक आहे. आधी एप्रिलची परीक्षा जूनवर गेली आणि मग अख्खी रद्द झाली. सगळेच विषय. नववीचे गुण आणि वर्षभराचं अंतर्गत मूल्यमापन यावर निकाल लागला. जुलैत जाहीर झाला तेव्हा राज्याचा निकाल 99.95 टक्के.

मुलीचे वडील पेढे घेऊन वर आले. काकांनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. "नव्व्याण्णव पूर्णांक पंच्याण्णव. पंधरा लाखांवर पोरं होती ना?" खिशातलं पेन निघालं, पेढ्याच्या खोक्यावर गुणाकार झाला. "म्हणजे सातआठशे राहिले. पेपर नाही, परीक्षा नाही, आणि तरी राहिले. कोण असतील? कुठल्या विभागातले?"

"काका, पेढा खा," मुलीचे वडील म्हणाले.

"खातो. त्यांना कोणी सांगितलंय का? आज धरलं तरी पुरवणीला वेळ आहे. पुरवणीला वेळ आहे."